गव्हाणीतली माझी काडी

त्या वर्षी मी बाळ येशूचं अंथरूण आमच्या गाईला खाऊ घातलं.

घातलं ते घातलं, वर तिच्या पाठीवरून हात फिरवून "खा माय, खा" असंही म्हणालो. सकाळची वेळ होती, कोवळं ऊन पडलं होतं, पोटात चहा गेला होता. माणसाच्या हातून मोठ्या चुका होतात त्या अशाच प्रसन्न वेळी, असा माझा अनुभव आहे.

भिंतीपलीकडे सिस्टरबाई उभ्या होत्या. एका हाताची बोटं दुसऱ्या मनगटावर ठेवून, नाडी मोजल्यासारख्या. ही त्यांची जुनी सवय. राग येवो, हसू येवो, दूध उतू जावो की दारात पाहुणा येवो, बाई आधी स्वतःची नाडी धरायच्या आणि मग तोंड उघडायच्या. त्या दिवशी नाडी जरा जास्तच वेळ धरली.

"कंट्रोलर भाऊ, काय चारून राहिले जी गाईले?"

"तणस. तुम्हीच ठेवलं होतं ना भिंतीवर."

"लाकडी पेटीत होतं?"

"पेटीतच होतं."

"बाप्पा!" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी रिकामी पेटी झटकून, अगदी शेजारधर्माला जागून, भिंतीवर परत ठेवली.

आता थोडं मागं जातो, नाहीतर तुम्ही मला अगदीच धर्मबुडवा समजाल.

साकोलीच्या बसस्टँडवर मी कंट्रोलर होतो. खिडकीत बसून भोंग्यातून गाड्या पुकारणारा माणूस असतो ना, तो. "लाखनीमार्गे भंडाऱ्याला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे हो" हे सबंध तालुक्याला सांगायचा मी पगार घेतला. निवृत्त झालो, भोंगा गेला, सांगायची खोड राहिली. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच. सकाळी तो भेटला की वर्तमानपत्र घ्यावं लागत नाही.

सिस्टरबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्यांचं नाव मी लिहीत नाही. दवाखाना सुटून वर्षं झाली तरी गाव त्यांना सिस्टरबाईच म्हणत होतं, आणि मी दुसऱ्या नावानं हाक मारली असती तर त्यांनी बहुधा वळूनही पाहिलं नसतं. 

आमची ओळख कुत्र्यानं करून दिली. स्टँडवरचं एक कुत्रं मला चावलं. माझ्या आवाजाला कंटाळून चावलं, असं आमच्या घरचं मत आहे. सुई घ्यायला गेलो तर बाकावर एक पोरगं गळा काढून रडत होतं. आईला आवरत नव्हतं. सिस्टरबाईंनी नाडी धरली, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि पोराला म्हणाल्या, "इकडे ये राजा. या काकाले सुईचं लय भेव लागते. याचा हात धरून ठेव बरं, नाहीतर पळून जाईन तो."

मला कुठं भीती वाटते, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात सुई दिसली. मग उघडलेल्या तोंडातून वेगळाच आवाज निघाला. पोरगं रडायचं थांबलं. माझा हात घट्ट धरून मला धीर द्यायला लागलं, "डोळे मिटा काका, डोळे मिटा." मी मिटले. उघडले तेव्हा माझी सुई झाली होती, आणि त्या पोराचीही झाली होती. त्याला पत्ताच नव्हता.

पुढं त्यांनी आमच्या शेजारीच घर बांधलं. मध्ये कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवर रोज सकाळी एका खोक्यात भाजीची सालं, कोबीची पानं, उरलेला भात ठेवायच्या, आमच्या लालीसाठी. लाली म्हणजे गाय. मी खोकं उचलायचो, गव्हाणीत रिकामं करायचो, परत ठेवायचो. वर्षानुवर्षं चाललेला हा कार्यक्रम. त्यामुळे त्या सकाळी भिंतीवर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरलेली पेटी दिसली तेव्हा मी विचार केला नाही. विचार न करणं मला जड जात नाही.

आता ती पेटी काय होती ते सांगतो.

धानाची मळणी आटोपून आमच्याकडे घराघरांत नवा तांदूळ येतो, त्याच सुमाराला सिस्टरबाईंच्या घरी नाताळची लगबग सुरू व्हायची. मुलगा आणि सून नागपूरला नोकरीला. नातवंडं दोन, रूथ आणि बाबू. ती आजीजवळ. रूथ तेव्हा बालवाडीतून नुकतीच पहिलीत गेली होती, बाबू अजून चड्डीच्या नाडीशी झगडत होता. पण नाताळ दोघांचा नसायचा. गल्लीतली सगळी पोरं त्यांच्या अंगणात पडीक असायची, कोणाचा देव कोणता हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

अंगणात बांबूच्या तट्ट्याचा गोठा उभा राहायचा. तलावाच्या मातीची मारिया, मातीचाच योसेफ. योसेफाची मान दरवर्षी पडायची आणि दरवर्षी आगपेटीची काडी खुपसून बसवली जायची. मेंढ्या म्हणजे औषधाच्या रिकाम्या बाटल्या, कापूस चिकटवलेल्या. छपरावरही कापूस.

"आजी, वर कापूस कायले?"

"तो बर्फ आहे."

"आपल्या इथी कुठी बर्फ पडते?"

"मीबी नाही पाहिला. पण लावतात म्हणते. चिकटव गुपचूप."

गोठ्यात बैल पाहिजे. तो आमच्या घरून जायचा. तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात तो लाकडी नंदी, माझ्या लहानपणचा, शिंगं रंगवलेला, पायाला चाकं असलेला. बेथलेहेमच्या त्या गोठ्यात चाकाचा बैल जगात फक्त आमच्या साकोलीत उभा असावा. बाबू त्याला संधी मिळेल तेव्हा पळवायचा.

आणि मधोमध सफरचंदाच्या लाकडी पेटीची गव्हाणी. ती रिकामी. बाळ नाताळच्या आदल्या संध्याकाळी यायचं. तोवर त्याच्यासाठी अंथरूण तयार करायचं, तेही पोरांनी. रीत अशी की एक चांगलं काम केलं की तणसाची एक काडी गव्हाणीत टाकायची. तणस आमच्याच ढिगातलं, पोरं मागायला यायची. जितकी कामं जास्त, तितकं अंथरूण मऊ.

यात एक अट होती, आणि ती अट म्हणजे सिस्टरबाई. काय काम केलं ते कोणाला सांगायचं नाही. आईला नाही, आजीला नाही, मित्राला नाही. पोरगं धावत यायचं, "आजी आजी, आज मी ना," की बाई बोट वर करायच्या.

"सांगतलं की संपलं."

सांगितलेल्या कामाची काडी परत निघायची. पोरं तोंड दाबून, गाल फुगवून हिंडायची. मी भिंतीवर कोपर टेकून ही गंमत पाहत असे आणि मनात म्हणत असे, काय सोपं काम आहे.

त्या वर्षी नाताळ जवळ आल्यावर त्यांनी घराला चुना द्यायला माणूस बोलावला. चुन्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून गोठ्यातलं सगळं सामान हलवलं, आणि गव्हाणीची पेटी क्षणभर भिंतीवर ठेवली. त्याच क्षणी मी चहा पिऊन बाहेर आलो.

बातमी रूथला कळली. ती रडत आली नाही, हे वाईट झालं. रडणाऱ्या पोराला गोळी-बिस्किट देता येतं. ही आमच्या गोठ्यात आली, लालीसमोर उकिडवी बसली आणि तिच्या तोंडाकडे टक लावून पाहू लागली.

"आबाजी, ते थुंकन काय?"

"गाय थुंकत नाही बेटा. रवंथ करते."

"रवंथ झाल्यावर देईन?"

"देते. पण तेव्हा ते शेण असते."

मागून आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याकडे असं पाहिलं की लालीनंसुद्धा चघळणं थांबवलं. "लेकरासंग बोलाची अक्कल नाही ना तुम्हाले," त्या म्हणाल्या.

बाकी पोरांच्या मोजक्याच काड्या होत्या, बहुतेक सगळ्या रूथच्या. तिनं महिनाभर काय काय केलं होतं कोण जाणे. आईच्या फोनची वाट पाहताना न रडणं असेल, बाबूला झोका आधी देणं असेल. अट अशी की ते कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या गाईनं नक्की काय काय खाल्लं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मी भरपाई करायला निघालो. ढिगातून चांगलं सोनेरी, नवं तणस ओंजळभर घेतलं आणि भिंतीवरून पुढं केलं.

"हे घ्या सिस्टरबाई. तणस तर माझंच होतं. आणखी हवं तेवढं न्या."

"काड्या तुमच्या होत्या जी," त्या म्हणाल्या. "कामं तिची होती."

मी ओंजळ मागं घेतली. तणस अंगभर सांडलं.

खरं दुखणं दुपारी कळलं. सिस्टरबाई रूथला म्हणाल्या, अजून दिवस आहेत, पुन्हा सुरू कर, नाहीतर बाळ निजेल कुठं, लाकूड टोचेल त्याला. रूथ ओट्यावर बसली होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "टोचू दे."

मी भिंतीअलीकडून ऐकलं. सिस्टरबाईंचा हात मनगटावर गेला आणि तिथंच राहिला. गव्हाणी रिकामी राहिली तर आकाश कोसळणार नव्हतं, तणसाला साकोलीत तोटा नाही. पण बाबूची चप्पल सरळ करून ठेवणारी ती पोरगी "टोचू दे" म्हणाली होती. संध्याकाळी बाबू अंगणात आपटला, तर ती त्याला ओलांडून पुढं गेली. पोरगी हिशेबी निघाली होती. केलेलं गाय खाते, मग करा कशाला?

दुसऱ्या दिवशी सिस्टरबाईंनी मला अंगणात बोलावलं. सगळी पोरं जमलेली. रूथ पाठ करून बसलेली.

"ज्याच्या गाईनं खाल्लं, त्यानं भरावं. कंट्रोलर भाऊ, आता काड्या तुम्ही टाका. अट माहीत आहे ना?"

"सांगायचं नाही," मी छाती पुढं काढली. "त्यात काय!"

"रूथ, तू लक्ष ठेव बरं आबाजीवर. सांगतलं की काडी काढून टाक."

रूथ अर्धी वळली.

पहिल्या दिवशी मी एका म्हाताऱ्या बाईचं धानाचं पोतं सायकलवर लादून गिरणीपर्यंत नेलं. काम चोख झालं. परत येऊन काडी उचलली, गव्हाणीत टाकली आणि म्हणालो, "लय जड होतं बुवा."

"काय जड होतं?" रूथनं विचारलं.

"पोतं."

काडी बाहेर.

दुसऱ्या दिवशी पहाटेच गल्लीतली तुंबलेली नाली काढली. कोणी पाहिलं नाही. घरात बोललो नाही, अंघोळ करताना गुणगुणलोही नाही. ताठ मानेनं काडी टाकली. रूथ माझ्याभोवती फिरली, हात हुंगला, काही सापडलं नाही. मग मी हायवेवरच्या हॉटेलात चहा प्यायला गेलो. तिथं कोणीतरी म्हणालं, नगरपंचायतीचं काम सुधारलं बरं, नाली साफ झाली. आता तुम्हीच सांगा, माझ्या घामाचं श्रेय नगरपंचायतीला जाताना मी गप्प कसा बसणार? मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. रूथ फाटकातच उभी होती, काडी हातात घेऊन. तिनं ती माझ्यासमोर मोडली.

त्यानंतर मी फक्त बायकोला सांगितलं. बायको म्हणजे आपलंच माणूस. तिनं भिंतीवरून लगेच हाक दिली, "वं रूथ, इकडे ये, तुया आबाजीनं काय केलं पाह्य!"

पुढच्या खेपेला मी कोणालाच सांगितलं नाही, शपथेवर. काडी टाकून फक्त उभा राहिलो. रूथनं माझ्याकडे मान वाकडी करून पाहिलं.

"आबाजी, तुमचं तोंड सांगून राहिलं."

"मी कुठं काय बोललो?"

"बोलून नाही राहिले. पण सांगून राहिले."

सगळी पोरं माझ्या तोंडाकडे पाहायला लागली. मला दाद हवी आहे हे माझ्या चेहऱ्यावर, भोंग्यातून पुकारल्यासारखं, दिसत होतं. काडी गेली.

पोरांना हा खेळच झाला. मी दिसलो की "आबाजी, आज काय केलं?" असं गोड आवाजात विचारायची, आणि मी हमखास फसायचो. रूथ त्यांची पुढारी. पण एक गोष्ट मला उशिरा दिसली. माझ्या काड्या रोज निघत होत्या, तरी गव्हाणी रिकामी नव्हती. तळ झाकला गेला होता. मग आणखी झाकला गेला. रूथ मला एकदा वैतागून म्हणालीही, "अशी टाकाची असते काडी," आणि तिनं एक काडी टाकली, वळली आणि चालू लागली. तोंडावर काही नाही. जशी काही माशी हाकलली. मी पाहत राहिलो. बाबूच्या गुडघ्यावर तेव्हा हळद लावलेली होती, ती कोणी लावली हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिची काडी गेली असती.

नाताळच्या आदल्या दिवशी केक. तुम्ही बेकरीतला खाल्ला असेल, तो वेगळा. सिस्टरबाई अंगणात धानाच्या तुसाची शेगडी पेटवायच्या. वर मोठी कढई, कढईत तलावाकाठची चाळलेली वाळू, वाळूत तूप लावलेला डबा. डब्यावर झाकण, झाकणावर निखारे. खालून तूस धुमसत राहायचं, वरून निखारे. पोरं रांगेत बसून काजू मोडायची, निम्मे पोटात जायचे. एका बाजूला गुलगुले तळले जायचे, एका बाजूला करंज्या. रवा, अंडी आणि साखर फेटायचं काम माझ्याकडे, कारण त्याला अक्कल लागत नाही, फक्त एकाच दिशेनं हात फिरवावा लागतो.

"उलटा नका फिरवू जी," सिस्टरबाई दर थोड्या वेळानं म्हणायच्या.

"नाही फिरवत."

"आता फिरवला."

गोष्ट सांगताना माझा हात गोष्टीच्या दिशेनं फिरतो, त्याला मी काय करू? केक मधोमध जरा बसला. पोरांनी त्या खड्ड्यात चिंचोके ठेवून पाहिले. "हा आबाजीचा खड्डा," असं ठरलं, आणि तो तुकडा माझ्या वाट्याला आला.

भेटी तिथंच तयार व्हायच्या. सिस्टरबाईंच्या नोकरीतल्या जुन्या पांढऱ्या साड्या होत्या. त्या कापून पोरं हातानं लहान पिशव्या शिवायची, वाकडेतिकडे टाके, मध्येच रक्ताचा ठिपका. पिशवीत नव्या चिन्नोर तांदळाच्या दोन मुठी. खीर करण्यापुरत्या. पिशवी उघडली की घरभर वास. नाताळच्या दिवशी फराळाच्या ताटाबरोबर ती पिशवी गल्लीत घरोघरी जायची. दवाखान्यात ज्यांना कोणी भेटायला येत नसे, त्यांच्या उशालाही जायची.

संध्याकाळी रूथचे आईवडील नागपूरहून आले. पोरं आईला बिलगली. मग गाणं झालं, आणि रूथनं मातीचं बाळ दोन्ही हातांत धरून गव्हाणीत ठेवलं. अंथरूण जाड झालं होतं. बाळ किंचित रुतलं. सुनेनं विचारलं, "अगं बाई, किती काड्या! काय काय केलं गं रूथ?"

रूथनं आजीकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले.

त्या अंथरुणात माझी एकही काडी नव्हती.

नाताळच्या दुपारी आमच्याकडे ताट आलं. करंज्या, गुलगुले, केकचा खड्डा. तांदळाची पिशवी मात्र नव्हती. रूथ मागं हात लपवून उभी होती. तिनं मला दिला तो पांढऱ्या साडीचा मास्क. स्वतः शिवलेला. एक नाडी लांब, एक आखूड, आणि मधोमध लाल दोऱ्याची चांदणी.

"माझ्यासाठी? मला काही रोग झाला काय?"

"नाही. काडी टाकताना बांधाचा," ती समजावून म्हणाली. "मंग तुमचं तोंड दिसणार नाही."

आमच्या सौभाग्यवती पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "पोरगी माणूस वळखते बरं."

दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी सिस्टरबाई सालांचं खोकं घेऊन आल्या. मी म्हटलं, मला नाही जमलं बुवा, माफ करा. त्यांनी मनगट धरलं.

"तुम्हाले जमणार नाही हे मले माहीतच होतं जी."

"मग सांगितलं कशाला?"

"पोरीले आपल्यापेक्षा कच्चा कोणी दिसला पायजे होता. तुमच्याएवढा कच्चा साकोलीत दुसरा कुठी शोधू?"

मला दवाखान्यातला बाक आठवला. "म्हणजे पुन्हा सुईच टोचली?"

"सुईच," त्या म्हणाल्या. "आणि हात तुमचाच."

खोकं ठेवून त्या वळल्या. मग थांबल्या. "आज सालंच आहेत. पाहून टाका."

त्यानंतर दर नाताळाला मी एक काडी मिळवायचा प्रयत्न करायचो आणि पोरं मला पकडायची. कापसाचा बर्फ, केक, चाकाचा बैल आणि कंट्रोलर आबाजींचा पराभव, अशी ती परंपराच झाली. मास्क मी बांधायचो, पण मास्काआड बोलता येतं ही अडचण होती.

मग एका डिसेंबरात सिस्टरबाई खाटेवर होत्या. हृदय थकलं होतं. केक सुनेनं केला, त्यांनी खाटेवरून सूचना दिल्या. "वाळू तापू दे आधी. कंट्रोलर भाऊले फेटाले देऊ नका." गोठा अंगणात न मांडता त्यांच्या खाटेशेजारी मांडला होता. नाडी आता त्या स्वतः धरत नसत. रूथ शाळेतून आली की आजीचं मनगट धरून बसायची.

एके दुपारी मी गेलो. घरात त्या एकट्याच जाग्या होत्या. मी दारातच मास्क बांधला, लांब नाडी, आखूड नाडी. खिशातून एक काडी काढली, गव्हाणीत ठेवली आणि खुर्चीवर बसलो.

त्या पाहत होत्या. वाट पाहत होत्या खरं तर. मी पंख्याकडे पाहिलं. खिडकीतून लाली दिसत होती, तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ गेला. मला वाटतं आयुष्यात मी इतका वेळ जागेपणी गप्प बसलो नव्हतो.

"काय केलं जी?" शेवटी त्यांनीच विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

"सांगा ना. मी कोणाले सांगत नाही."

"सांगतलं की संपलं," मी म्हणालो.

त्या हसल्या. हसता हसता खोकला लागला, मी पाणी दिलं. पाणी पिऊन पुन्हा हसल्या. म्हणाल्या, "कोणी शिकवलं असं जी तुम्हाले!" आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपल्या. खांदे मात्र थोडा वेळ हलत होते.

उन्हाळ्याचं ऊन तापायच्या आत त्या गेल्या. मुलानं पोरांना नागपूरला नेलं. घराला कुलूप आहे, चुना उडाला आहे. लाली आता म्हातारी झाली, पण सकाळी सोडली की अजूनही आधी त्या भिंतीशी जाते, मान वर करते, वास घेते आणि थोडी थांबून परत येते. तिला कोण समजावणार? कधीकधी मीही तिच्यासोबत जाऊन उभा राहतो. गाय एकटी बरी दिसत नाही.

ती काडी कशाची होती, हे मी सिस्टरबाईंना सांगितलं नाही. बायकोला नाही, हॉटेलात नाही. तुम्हालाही सांगणार नाही. तुम्ही हवं तर लाच म्हणून गुलगुले पाठवा, तरी नाही. आयुष्यभर भोंगा वाजवणाऱ्या माणसाच्या नावावर एक तरी काडी असावी, आणि ती आहे.

यंदा नाताळाच्या सुटीत रूथ दोन दिवस आमच्याकडे आली होती. उंच झाली आहे, आता चष्मा आहे. हे सगळं लिहून झालं होतं, तेव्हा तिला अंगणात बसवलं आणि जुन्या फलाटाच्या आवाजात पहिल्यापासून इथपर्यंत वाचून दाखवलं. गाय थुंकन काय, इथं ती हसली. आजी खाटेवर आली, तिथं तिनं चष्मा काढला. वाचून संपलं. मी कागद मांडीवर ठेवले आणि, खोटं कशाला बोलू, दाद मिळेल म्हणून थांबलो.

रूथनं एका हाताची बोटं दुसऱ्या मनगटावर ठेवली. मग म्हणाली,

"आबाजी, कोणालेच सांगतलं नाही, हे तुम्ही साऱ्या दुनियेले सांगून राहिले ना. काढा ते काडी."